पेंढारकरांचा बंब

पेंढारकरांना ‘कसे आहात?’ विचारलं, की ते म्हणत, “वर अठ्ठ्याहत्तर, खाली बावन्न.” नवखा माणूस त्याला ब्लडप्रेशर समजून हळहळायचा. ते टाकीतल्या पाण्याचं तापमान असे.

ब्रिस्टलला आमच्या शेजारच्या घरात ते एकटेच राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. विमानांच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, त्यांनी चांगल्या चाललेल्या गॅसच्या हीटिंगला लाकडाचा बॉयलर जोडला. त्याला ते बंब म्हणत. सोबत उष्णता साठवायला दोन हजार लिटरची टाकी. ती गराजमध्ये बसवली आणि गाडी कायमची रस्त्यावर आली. टाकीभोवती इन्सुलेशन, आणि त्यावर बायकोच्या हातच्या दोन गोधड्या.

“मंद जाळलं की धूर होतो. आग भडकवायची, ऊब टाकीत भरायची आणि दोन दिवस पुरवून खायची.” हे त्यांनी मला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं आणि एकदा दाराशी आलेल्या धर्मप्रचारकांनाही तासभर सांगितलं. ते पुन्हा आमच्या गल्लीत फिरकले नाहीत.

लाकडं पलीकडचा हॅरिस आणून द्यायचा. तो झाडं तोडायच्या कामावर होता. लाकूड किती ओलं, किती सुकं, यावर दोघं कुंपणाशी उभे राहून चहा गार होईपर्यंत बोलत.

एका माणसाला दोन हजार लिटर कशाला, असं मी एकदा विचारलं.

“अहो जोशी, साठा असला की माणसं येतात.”

आणि येत. नरक चतुर्दशीला पहाटे पाच मराठी कुटुंबं टॉवेल आणि उटणं घेऊन त्यांच्या दारात हजर. पेंढारकर बाथरूमबाहेर उभे राहून प्रत्येक आंघोळीनंतर टाकीचा आकडा निवडणुकीच्या निकालासारखा जाहीर करत. पाणी कधीच संपलं नाही.

मग तो उन्हाळा आला. चार दिवस सलग ऊन पडलं म्हणून माझ्या बायकोने, सुलभाने, बागेत चादरभर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. पेंढारकरांनी बंब पेटवला. पेटताना पंधरा मिनिटं व्हायचा तेवढाच धूर झाला, पण वारा आमच्या बाजूला होता. पापड्यांना वास लागला. सुलभा रडली. वडीलधाऱ्या माणसाला, त्यातून ज्याच्या पाण्याने दर दिवाळीला न्हालो त्याला, तोंडावर बोलणं मला जमेना. मी नाव न सांगता कौन्सिलला फोन केला. वाटलं, एखादं सौम्य पत्र येईल.

पत्र नाही, साहेबच आला. आमचा भाग धूरबंदीचा निघाला. त्याच आठवड्यात बंब विझला.

हॅरिस कधीतरी थट्टेत म्हणाला होता, “तुमचं इंजिन आज लवकर सुटलं.” तक्रार त्यानेच केली असं ठरवायला पेंढारकरांना तेवढं पुरलं. आपल्यातला माणूस असं करणार नाही, हे तर ते धरूनच चालले होते. त्यांनी हॅरिसशी बोलणं टाकलं. माझं काय चुकलं, असं हॅरिस मला विचारत राहिला. मी खांदे उडवत राहिलो. आज दोघंही नाहीत, म्हणून हे लिहायला सोपं आहे, आणि तितकंच निरुपयोगी. तक्रार हॅरिसने केली नव्हती. मी केली होती.

त्या दिवाळीला बाकी कुणी गेलं नाही. घरोघरी गॅस होताच. मी गेलो, कारण न जाणं संशयास्पद दिसलं असतं.

“वर चौदा, खाली चौदा,” पेंढारकर दारातच म्हणाले.

गॅसवर तापलेलं नळाचं पाणी अभ्यंगाला नको म्हणून त्यांनी बागेत विटांची चूल मांडली होती. हॅरिसच्या उरलेल्या लाकडांवर एकच हंडा तापत होता. त्यांनी मला टबात पाटावर बसवलं, डोक्याला तेल चोळलं आणि तांब्याने पाणी घालू लागले.

“तुम्ही तेवढे आलात, जोशी. शेजारी असावा तर असा.” दुसरा तांब्या भरताना ते थांबले. “पुरेसं गरम आहे ना?”

सांगायला याहून चांगली वेळ पुन्हा कधी आली नाही.

“पाणी छान आहे,” मी म्हणालो.