बिनतर्रीचा रस्सा

खाकी पँटचं बटण आणि काज यांच्यात चार बोटांचं अंतर होतं. हेमराजनं श्वास रोखला, बायकोनं, म्हणजे प्रेमिलानं, मागून जोर लावला, तरी गाडी तीन बोटांवर अडली.

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकात त्यानं बारा वर्षं गर्दीतला गावकरी केला होता. यंदा तो इन्स्पेक्टर झाला होता, म्हणजे चक्क नायक! पण सिंदेवाहीहून आणलेला पोशाख एकच होता.

"आठ दिवस देतो, भाऊ," दिग्दर्शक देवानंद म्हणाला. "बटन लागलं त इन्स्पेक्टर तुमी. नाई त ज्याले लागन तो."

"घाबरू नोका," प्रेमिला उत्साहानं म्हणाली. "मी तुमाले खाऊ घालूनच बारीक करतो!"

दुसऱ्या दिवशी तिनं कातडी काढलेली कोंबडी दह्यात मुरवली, दुधीच्या फोडी टाकल्या आणि काळजावर दगड ठेवून तेल फक्त अर्धा चमचा घातलं. सुगंध मात्र आळीभर गेला. आता कोंबडी शिजली म्हणजे शेजारी वाटी गेलीच पाहिजे. एक गुणाबाईकडे गेली, एक प्रफुलकडे. प्रफुल नाटकात शेटजी होता आणि त्याचं पोट हेमराजच्या दीडपट होतं.

गुणाबाईनं वाटीत निरखून पाहिलं. "अवं माय, तर्री कुठी गेली? यायच्या घरचं तेल सरलं वाटते!"

ही बातमी तिनं प्रफुलच्या बायकोच्या, रोशनीच्या, कानावर घातली. शेजारची वाटी रिकामी परत करायची नसते, त्यात ही तर अडचणीतली माणसं. दुपारी दोन्ही वाट्या परत आल्या. एकीत मटण, दुसरीत गावरान कोंबडा, आणि दोन्हींवर लालभडक तर्री.

"नाई म्हणलं त शेजाऱ्याचा अपमान होते," हेमराज गहिवरून म्हणाला आणि त्यानं तिसऱ्यांदा भात घेतला.

प्रेमिला तडक गुणाबाईकडे गेली. "बाई, तेल हाये घरी! हे डायटचं हाये!"

"असू दे, पोरी. लाजू नोको," गुणाबाई म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती वाटीऐवजी गंजच, म्हणजे अख्खं पातेलंच, धाडू लागली; रोशनीनंही तोच कित्ता गिरवला, आणि इकडून बिनतर्रीच्या वाट्या रोज जातच राहिल्या.

आठव्या दिवशी देवानंदसमोर अंतर सहा बोटं भरलं. हेमराज निर्धास्त होता. ही पँट गावात दुसऱ्या कोणाला होणार?

प्रफुल पुढे आला. त्यानं पँट चढवली आणि बटण टचकन लागलं.

"तुले कशी काय झाली, बे?" हेमराज ओरडला.

प्रफुल प्रेमिलाच्या पाया पडला. "वहिनीची किरपा! आमच्या घरी शिजे ते सारं रोशनी तुमाले धाडे. मले तुमची वाटी राहे. आठ दिवस दुसरं काई मिळालंच नाई!"

हेमराज मटकन खाली बसला. बारा वर्षांनी हाती आलेलं नायकपण गेलं होतं, तेही शेजाऱ्याच्या मायेपायी. त्याला खरोखर रडू आलं.

देवानंदही डोकं खाजवत होता. "आता शेटजी कोण करन? याचं त पोटच गेलं."

सगळ्यांची नजर हळूहळू हेमराजच्या पोटावर स्थिरावली.

"शेटजीले भाषणं किती हायेत?" हेमराजनं डोळे पुसत विचारलं.

"इन्स्पेक्टरच्या दुप्पट. अन लावणीही त्याच्याच पुढं होते."

हेमराज ताडकन उठला. "प्रेमिला, चाल लवकर घरी! मंडईले चारच दिवस राह्यले, अन शेटजीच्या मानानं हे पोट लहानच दिसून राह्यलं!"