भगवंतकाकांची सोय

भगवंतकाका कोणाच्याही घरी गेले, की बसायच्या आधी न्हाणीघर पाहून येतात. नळ सोडतात, धारेखाली हात धरतात आणि बाहेर येऊन निकाल देतात, "धार बारीक आहे गा. दहा माणसं आले तं वांधे." घरात माणसं तीनच असतात. काकांना दहा दिसतात.

ते माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. लग्न केलं नाही, सावनेरला एकटेच राहतात. पण आमच्याकडच्या प्रत्येक मुलीच्या लग्नात जानोसा, म्हणजे वरपक्षाची उतरायची जागा, काकांकडे. गाद्या, उशा, पहाटेचं गरम पाणी, नवरदेवाच्या मामाला बिनसाखरेचा चहा. "तुम्ही बसा, मी पाह्यतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या तिन्ही बहिणींच्या लग्नाचे अल्बम आहेत. काका एकाही फोटोत नाहीत.

धाकटीच्या, मीनाच्या लग्नात सकाळीच वीज गेली आणि गरम पाणी संपलं. काकांचा काही दोष नव्हता. तरी व्याह्यांसमोर मी ओरडलो, "एवढं एक काम सांगितलं, तेही जमत नाही तुम्हाला?" काका चुलीवर पातेली चढवायला गेले.

बारा वर्षं ते मला टोचत होतं. माफी मागायची हिंमत होईना, म्हणून यंदा मी त्यांना व्हिएतनाममधलं हनोई दाखवायला नेलं. या माणसाने एकदा तरी पाहुणा म्हणून कुठे राहावं, एवढंच मनात होतं. हॉटेल मीच निवडलं, फोटो पाहून. फोटो बहुधा हॉटेलच्या तरुणपणचे होते. लिफ्टमध्ये आम्ही मावलो, तर बॅगा मावेनात. गालिच्याला ओलसर वास. खोलीत काकांनी खिडकीचा पडदा सरकवला, तर मागे सरळ भिंत.

"भिंतीले पडदा काहून लावला गा? तिले कोणाची लाज?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका तोवर न्हाणीघरात शिरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गरम पाणी नव्हतं. मी खाली काउंटरवर भांडून वर आलो, तर खोलीचं दार सताड उघडं. काकांनी कचऱ्याचा डबा घासूनपुसून त्याची बादली केली होती. चहाच्या किटलीत पाणी उकळून ते डब्यात ओतत होते, आणि दारात टॉवेल गुंडाळून उभ्या असलेल्या, समोरच्या खोलीतल्या गोऱ्या म्हाताऱ्याला समजावत होते, "हॉट वॉटर. यू बाथ. आय पाह्यतो."

"काका, ठेवा ते खाली!" माझा आवाज चढला. "तुम्ही पाहुणे आहात इथे!"

म्हातारा पटकन आपल्या खोलीत गेला. काका डबा धरून तसेच उभे.

"चुकलं का गा काही?"

त्या प्रश्नाने मी खचलो. "तुमचं नाही. माझं चुकलं, काका."

"हॉटेलचं म्हणतं का? त्याले काय होते! अंधार आहे तं झोप मस्त लागली."

"हॉटेलचं नाही. मीनाच्या लग्नात मी तुम्हाला बोललो, ते."

काकांनी डबा खाली ठेवला. ओले हात बराच वेळ पँटला पुसत राहिले.

"तुले आठवते ते?"

"विसरलोच नाही."

"त्या दिवशी मी जेवलोच नाही," काका म्हणाले. "वरात गेली अन् तसाच सावनेरच्या बसमध्ये बसलो. तू बोलला त्याचं काही नाही गा, लग्नात होते असं. पण मले वाटलं, कोणी तं विचारन, भगवंत जेवला का. आठ दिवस वाट पाह्यली फोनची."

मी त्यांना खाली नाश्त्याला घेऊन गेलो. तिथे सगळे आपापल्या हाताने वाढून घेत होते. काकाही उठले. मी त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि एकेक जिन्नस आणून त्यांना वाढू लागलो. ब्रेड, केळी, कलिंगड, पुन्हा ब्रेड. शेजारच्या टेबलावरचे लोक पाहत होते.

"पुरे गा," काका म्हणाले. "पुरे म्हटलं ना."

मी पपईच्या फोडी घेऊन उभाच राहिलो. मग मान वर न करता काकांनी पपईसाठी ताटली हळूच पुढे केली.