मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

"आपल्या गाडीत शिकताना आजवर एकसुद्धा माणूस कशाला धडकलेला नाही!" असं मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. ऐकणाऱ्याला घाई असली तरी ऐकवायचे. त्यांचा ड्रायव्हिंगचा क्लास चांगला जुना आणि गाडीवर ओरखडा म्हणून नाही!

यातली खरी गोम अशी, की या गाड्यांत शिकवणाऱ्याच्या पायाशीसुद्धा एक ब्रेक असतो, अडीअडचणीला दाबायला. आणि मास्तरांना सगळीच अडचण वाटायची. समोर मांजर आलं, दाब. मांजर येईलसं वाटलं, दाब! शिकणाऱ्याचे पाय आपले पाहुण्यासारखे नुसते टेकलेले.

बायकोलाही त्यांनी असंच शिकवलं. परिणाम व्हायचा तोच झाला. परीक्षेत साहेब "थांबा" म्हणाले की बाई सरळ पुढे! दरवेळी नापास. शेवटी मास्तर म्हणाले, "अगं, नसतं एखाद्याच्या हातात ते. सोड आता!"

"सोडते," बायको म्हणाली, आणि तिने मास्तरांचा क्लास सोडला. समोरच्या गॉगलवाल्याकडे नाव घातलं!

हा गॉगलवाला आधीच मास्तरांच्या डोळ्यांत सलायचा. रस्त्यापलीकडे त्याचा क्लास, गाडीला जागोजागी पोचे, बंपर दोरीने बांधलेला. आणि लोक मेले त्याच्याकडे हसत जायचे, हसत यायचे.

पहिल्याच दिवशी बायको घरी आली ती फुललेल्या चेहऱ्याने.

"अहो, आज मी कचराकुंडी पाडली!"

"अरे देवा! मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, 'वहिनी, पाडलीत पण अगदी मधोमध पाडलीत!'" आणि ती पोट धरधरून हसायला लागली.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनी म्हणतो, लबाड! आणि ही हसते! आपल्या गाडीत ही कधी हसली होती? आपल्या गाडीत दात काढून घ्यायला आल्यासारखी बसायची!

पुढे तिने गाडी फुटपाथवर चढवली. चढावर बंद पाडली. एकदा रडतही आली. मास्तरांना वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा हजर! घरी भाजी निवडतानासुद्धा टेबलाखाली तिचे पाय चालूच. क्लच, ब्रेक, क्लच, ब्रेक.

"मला विचार की," मास्तर म्हणाले.

"नको. माझं मला येऊ दे."

इतकं वाईट मास्तरांना कधी वाटलं नव्हतं. ते क्लासच्या काचेआडून समोर बघत बसायला लागले. आणि एका सकाळी त्यांनी पाहिलं, की गॉगलवाला बायकोच्या शेजारच्या सीटवर चक्क मांडी घालून बसलाय! घरच्यासारखा! झालं, मास्तरांचा धीर सुटला.

नेमके तेव्हाच शिंपीकाका शिकायला आले. हे मास्तरांचे सर्वांत जुने विद्यार्थी.

"काका, बसा! त्या गाडीच्या मागे घ्या!"

"आज वळणं शिकवणार होतात ना?"

"ती वळेल तिथे वळायचं. हीच वळणं!"

गाडी निघाली. मास्तर खिडकीतून अर्धे बाहेर. "हसली! बघा, पुन्हा हसली! काय सांगतोय हो तो एवढं? काका, जवळ घ्या!"

काका तर हरखलेच. "मास्तर, आज आपण कुठे थांबतच नाही! मजा येतेय!"

पुढे चौकात सिग्नल लाल झाला. बायकोची गाडी हळू झाली, आणखी हळू झाली आणि पांढऱ्या पट्ट्यावर अश्शी अलगद थांबली, की डॅशबोर्डवर पाण्याने भरलेला पेला असता तरी हिंदकळला नसता. मास्तर आ वासून बघत राहिले. हे हिने केलं? आपल्या हिने?

"मास्तर," काका म्हणाले, "दाबा ना!"

"काय?"

"ते हो, तुम्ही नेहमी दाबता ते!"

धाड!

गॉगलवाल्याचा बंपर दोरीसकट खाली आला. मास्तरांच्या गाडीचा दिवा फुटला. बायको ताडकन बाहेर आली.

"अहो, आयुष्यात पहिल्यांदा पट्ट्यावर थांबले होते मी! पहिल्यांदा! आणि तुम्हीच ढकललंत मला पुढे!"

मास्तरांनी मोर्चा गॉगलवाल्याकडे वळवला. "तू माझ्या बायकोशेजारी मांडी ठोकून का बसतोस रे?"

"पाय मोकळा राहिला की ब्रेकवर जातो हो, मास्तर. वहिनींच्या वेळी तर फारच जातो. म्हणून बांधून ठेवतो. आणि हा गॉगल तुम्हाला काय ऐट वाटते? डोळे मिटलेले दिसू नयेत म्हणून लावतो!"

"मग हसता कशाला एवढे?"

"चुकल्यावर करायचं काय?" बायको म्हणाली. "रडून तर तुमच्या गाडीत झालं होतं माझं."

मास्तर फुटलेल्या दिव्याकडे बघत राहिले. "मला वाटलं, त्याच्याबरोबर तू खूश असतेस," ते हळूच म्हणाले. "माझ्याबरोबर कधी नसतेस. जळफळाट झाला माझा."

मागे शिंपीकाका गॉगलवाल्याला विचारत होते, "तुमच्याकडे संध्याकाळची बॅच आहे का?"

 बायकोने गॉगलवाल्याकडून त्याच्या गाडीची किल्ली घेतली. "बसा. घरी नेते."

मास्तर बसले. चपला काढल्या, गुडघे दोन्ही हातांनी वळवून कशीबशी मांडी घातली. पहिल्याच वळणावर गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा गोंगाट. मास्तरांनी ओठ घट्ट मिटले. गाडी सुरू झाली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली. मास्तरांना दरदरून घाम फुटला, पण आवाज नाही! दुसरं वळणही तसंच गेलं. आणि अगदी घराच्या दारात, गाडी जागच्या जागी उभी राहिल्यावर, त्यांच्या तोंडून निघालंच, "अगं, ब्रेक! ब्रेक! ब्रेक!"

बायकोने शांतपणे किल्ली काढली.

"पहिल्या दिवसाच्या मानाने पुष्कळ गप्प बसलात," ती म्हणाली. "येईल हळूहळू. उद्या पुन्हा बसा."

"बरं," मास्तर म्हणाले. आणि पायांना मुंग्या आल्यामुळे मांडी काही सुटेना, म्हणून तसेच बसून राहिले.