दादारावांच्या गाडीचे कान

उभ्या गाडीचे आरसे उघडे दिसले की आमच्या दादारावांच्या जिवाला चैन पडत नाही. मग गाडी कोणाची का असेना. डॉक्टरांची मोटार असो, दुधवाल्याचा टेम्पो असो, की कोणाच्या जावयाची नवी कोरी गाडी असो, जाता जाता हे तिचे दोन्ही आरसे खट् खट् आत मिटणार आणि काहीच न झाल्यासारखे पुढे चालायला लागणार. आरशांना ते आरसे म्हणतही नाहीत, कान म्हणतात. "उभ्या गाडीनं कान उघडे ठेवू नाई, वैनी," असं त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं. "गल्लीतलं सारं आयकते, अन् मंग रस्त्यानं बिथरते."

आता यावर काय बोलणार? आणि मी काही कमी बोलणारी बाई नाही. अमरावतीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझी पिठाची चक्की आहे. दिवसभर चक्कीच्या आवाजावर बोलायची सवय, म्हणून माझा आवाज जरा चढा लागतो. लोकांना वाटतं मी भांडते. मी भांडत नाही, बोलते. पण दादारावांपुढे माझी चक्कीसुद्धा बंद पडते.

ते आमच्या समोरच राहतात. रिद्धपूरच्या वाटेवर त्यांचं फुलांचं शेत आहे, झेंडू, शेवंती आणि थोडा गुलाब. पूर्वी बैलजोडी होती. ती गेली आणि पांढरी पिकअप आली, पण दादारावांच्या लेखी फार काही बदललं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी लोक बैलांचे खांदे शेकतात, हे पिकअपच्या बॉनेटला तूप-हळद चोळतात आणि वाकून सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी तिच्या दोन्ही कानांना गोंडे बांधून मारुतीपर्यंत मिरवून आणतात. पुरणपोळी तिच्यापुढे ठेवतात आणि मग स्वतः खातात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसून हसून माझं पोट दुखलं. नंतर नंतर मीही दारातून हात जोडायला लागले, काय करता!

चांदूर रेल्वेला त्यांच्या भाचीचं लग्न होतं, तिथं तर कहरच झाला. पंगती बसल्या होत्या, म्हणून दादारावांनी वेळ घालवायला मांडवाबाहेरच्या साऱ्या गाड्यांचे कान मिटून टाकले. नवरदेवाच्या गाडीच्या कानावर तर मोगऱ्याची झालर होती, तीही आत. नवरदेवाचा ड्रायव्हर भरल्या पोटी आला आणि घाईघाईत गाडी मागे घेतली. मागे बँडवाल्यांचा ढोल ठेवला होता. वरात मग ढोलाशिवाय निघाली. सगळे दादारावांवर तुटून पडले, तर हे शांतपणे म्हणतात, "उघडाले त्याले काय झालं होतं? मी तं निसते मिटले. बाकी मंग काई नाई."

हे 'बाकी मंग काई नाई' त्यांचं ठरलेलं. घरावर वीज पडली तरी ते म्हणतील, वीज पडली, बाकी मंग काई नाई.

पण कान मिटण्याचं हे वेड आलं कुठून, ते फुलबाजारात गेल्याशिवाय कळत नाही. गावाभोवतीच्या जुन्या परकोटाच्या आतली ती गल्ली इतकी चिंचोळी, की एका अंगाला हातगाड्या आणि दुसऱ्या अंगाला हारवाल्यांच्या फळ्या. पिकअप आत घालायची तर दोन्ही आरसे मिटल्याशिवाय जातच नाही. उजवा दादाराव मिटायचे आणि डावा इंदूताई. इंदूताई म्हणजे त्यांची बायको. लग्न झाल्यापासून ती त्यांच्या डाव्या बाजूला बसत आली, आधी बैलबंडीवर, मग पिकअपमध्ये. गल्लीचं तोंड आलं की दादाराव ओरडायचे, "कान!" इंदूताई खिडकीतून हात काढून खटकन आरसा मिटायची आणि म्हणायची, "मिटला!" गल्ली संपली की "उघड!" आणि "उघडला!"

दोघांत भांडण झालं की आठ आठ दिवस अबोला चालायचा. तिखट-मिठाचं बोलणंसुद्धा माझ्यामार्फत व्हायचं. पण गल्लीच्या तोंडाशी "कान" आणि "मिटला" कधी चुकलं नाही. मला तर वाटतं, या दोन शब्दांवरच त्यांचा संसार चालला.

मागच्या दिवाळीनंतर इंदूताईला लकवा मारला. मी धावत गेले तर दादाराव दवाखान्याच्या पायरीवर बसलेले. म्हणाले, "डावं अंग गेलं तिचं, वैनी. बाकी मंग काई नाई." आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड घालून बसले.

देवाच्या दयेनं बाई उठली. काठी घेऊन चालायला लागली, बोलणं सुधारलं. डावा हात मात्र तसाच राहिला. डॉक्टर म्हणाले, घरात बसवू नका, बाहेर न्या, माणसांत मिसळू द्या. पण ही पिकअपमध्ये बसायलाच तयार नाही. "डाव्या बाजूले बसून करू काय?" ती मला म्हणायची. "कान मिटाले हात नाई. मंग बसाले काय मी पावनी हाय?" जी बाई बाजारात एका हाकेनं व्यापाऱ्याला गप्प करायची, ती आता भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून राहायची. दिवसेंदिवस विझत चालली होती, माझ्या डोळ्यांदेखत. मी ओरडून पाहिलं, रागावून पाहिलं, रडूनही पाहिलं.

दादाराव ओरडले नाहीत. रोज पहाटे फुलं भरून झाली की ते पिकअपचं डावं दार उघडायचे आणि घराकडे तोंड करून विचारायचे, "येतं काय वं?" ती काही उठायची नाही. मग ते आपला दुपट्टा डाव्या शिटावर टाकायचे, येष्टीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा, आणि दार लावून एकटेच जायचे. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून उतरायचे, वळसा घालून डावा कान मिटायचे, पुन्हा येऊन बसायचे. मागून हॉर्न, शिव्या, सगळं. लोक म्हणाले, बापा, एखादा माणूस ठेव सोबत. हे म्हणाले, "जागा धरेल हाय."

धरलेली म्हणजे किती धरलेली ते मला विचारा. मला एकदा गाडी पकडायला बडनेऱ्याला जायचं होतं आणि हे त्याच बाजूनं निघाले होते. मी आपली डावं दार उघडून बसायला गेले, तर म्हणाले, "वैनी, मांगं बसा." सख्खी शेजारीण, रोजचं दळण माझ्याकडे, आणि मी झेंडूच्या क्रेटांमध्ये बसून बडनेऱ्याला गेले! स्टेशनावर लोक माझ्याकडे असे पाहत होते, जशी काही मी निवडणूक जिंकून आले. राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण पुढे केबिनच्या काचेतून तो शिटावरचा दुपट्टा दिसत होता, त्याच्याकडे पाहून पाहून राग उतरला.

आणि एक दिवस दादाराव पळत माझ्या चक्कीत आले. "वैनी, बंद करा ते!" मी घाबरून बटन दाबलं. पेट्रोल पंपावर त्यांनी एक मोटार पाहिली होती. मालक उतरला, किल्ली दाबली आणि गाडीनं आपले आपण कान मिटले.

"दोनी संगच! कोनी हात लावला नाई!" स्वतःच्या कानांवर दोन तळहात ठेवून ते मिटून दाखवत होते. "ग्वूंऽऽ असा आवाज. गाय कशी निजाच्या वक्ती सुस्कारा टाकते, तसा." त्यांनी त्या मालकाला पुन्हा पुन्हा मिटून-उघडून दाखवायला लावलं होतं. मागे रांग लागली, पंपवाले ओरडले, तो मालक हात जोडून निघून गेला. दादारावांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं आता हा माणूस गेला कामातून.

"आपल्या गाडीले बसवतो," ते म्हणाले.

ही बातमी गल्लीभर झाली आणि अर्थातच इंदूताईपर्यंत गेली. मी भाकरी घेऊन गेले तर भिंतीकडेच पाहत म्हणाली, "बरं हाय. माह्या जागी मोटर आली." त्यानंतर तिनं ताटाला हात लावला नाही. माझं डोकं असं फिरलं म्हणता! बायको खाटेवर पडली आहे, आणि यांना आपली सोय सुचते. मी जाऊन दोन-चार वाक्यं सुनावली. चढ्या आवाजात नव्हे, खरंच भांडले. दादारावांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अकोल्याले जा लागते."

अमरावतीत साऱ्या मेकॅनिकांनी हात वर केले होते, कारण या गाडीला तशी सोयच नव्हती. अकोल्याचा रफीकभाई म्हणून एक गाड्यांची वायरिंग करणारा माणूस म्हणाला, घेऊन या, पाहतो. योगायोगानं मलाही अकोल्याला चक्कीचा पट्टा आणायला जायचं होतं. एकाच गल्लीतून एकाच गावी एकाच दिवशी आम्ही निघालो, दादाराव दुपट्टा शेजारी बसवून पिकअपनं आणि मी येष्टीनं. याला म्हणतात शेजार!

पट्टा घेऊन मी रफीकभाईच्या दुकानी पोचले तेव्हा पिकअपची दारं आतून सोललेली होती आणि वायरी आतड्यांसारख्या लोंबत होत्या. महागाच्या मॉडेलचे आरसे त्यानं भोकं पाडून बसवले होते. पहिल्यांदा बटन दाबलं तर एकच कान मिटला, दुसरा तसाच ताठ. दादाराव म्हणाले, "नवा गोऱ्हा हाय, शिकन." रफीकभाईनं पुन्हा वायर जोडली. बटन दाबलं. ग्वूंऽऽ. दोन्ही कान हळूच, एकदम, आत आले. खोटं नाही सांगत, अंगावर काटा आला माझ्या. इतकी वर्षं खट् खट् करणारी ती थोराड गाडी देवापुढे हात जोडल्यासारखी उभी होती. भांडून आलेली मी, तोंड उघडं टाकून पाहत राहिले.

मग बटन कुठं लावायचं यावरून घोळ सुरू झाला.

"ड्रायवर के दरवाजे पे लगता, दादाराव," रफीकभाई म्हणाला.

"नाई. डाव्या शिटासमोर लाव."

"आपका हाथ कैसा पहुँचेगा?"

"पोचलाच नाई पाह्यजे."

रफीकभाईनं बटन डॅशबोर्डवर डावीकडे धरलं. दादाराव ड्रायव्हरच्या जागी बसले, डावा हात लांब केला, बोट टेकलं. "अजून पल्याड." पुन्हा धरलं. दादारावांनी अंग वाकडं केलं, खांदा ताणला, नख लागलं. "अजून." असं करत करत बटन अशा जागी गेलं, की कितीही ताणलं तरी दादारावांचं बोट वीतभर अलीकडेच राहील. तेव्हा कुठं म्हणाले, "इथं ठोक."

रफीकभाई बाजूला येऊन मला हळूच म्हणाला, "भाभी, घर में सब ठीक है ना?"

गाडीला चालवणाऱ्याच्या हाताला न पोचणारं बटन बसवणारा माणूस मीही पहिल्यांदाच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पिकअप दारात फुलं भरून उभी. मी शटर उघडत होते. दादारावांनी नेहमीसारखं डावं दार उघडलं, पण "येतं काय" विचारलं नाही. ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसले आणि ओरडले, "अवं इंदे! फजिती झाली ना वं!"

इंदूताई काठी टेकत दारात आली. दादाराव हात लांब करून करून दाखवत होते. "पाय ना, हे बटन माह्या हाताले पोचतच नाई. कान कसे मिटू?"

"मंग येड्यावानी तिकडं कावून बसवलं?"

"म्या नाई बसवलं. त्या रफीकचं चुकलं. आता पुन्हा अकोल्याले कोन जाईन?" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "काय हो वैनी? रफीकचंच चुकलं ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाई गं! बटन हाताला पोचलं असतं तर घाईत हा स्वतःच दाबून मोकळा झाला असता, आणि ती पुन्हा पाहुणीच राहिली असती. डाव्या शिटावर बसणाऱ्या माणसाचा उजवा हात मात्र बरोबर त्या बटनावर येत होता. आणि याच माणसाशी मी भांडले होते!

"हो," मी म्हणाले. "रफीकचंच चुकलं. मी होते ना तिथं."

इंदूताईनं एकदा त्या बटनाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग पुढे झाली, शिटावरचा दुपट्टा उजव्या हातानं उचलला, झटकला, नवऱ्याच्या अंगावर टाकला आणि म्हणाली, "एका बटनाची अक्कल नाई." मी तिला धरून वर बसवलं. चक्की उघडायची तशीच राहिली. मी कोणी न विचारता मागे झेंडूत जाऊन बसले.

फुलबाजाराच्या गल्लीचं तोंड आलं. खिडक्या उघड्या होत्या. दादारावांचा आवाज आला, "कान!" पण कापरा, नेहमीसारखा नाही.

ग्वूंऽऽ. दोन्हीकडचे आरसे माझ्या डोळ्यांदेखत आत गेले.

"मिटले!" इंदूताई ओरडली. "दोनी मिटले!"

हारवाले उठून उभे राहिले. कोणी तरी हाक मारली, "इंदूबाई आली रे!" ती खिडकीतून बोलत होती, कोणाला तरी शेवंती शिळी आहे म्हणून झापत होती. गाडी हळूहळू गल्लीतून पार झाली. आता दादाराव 'उघड' म्हणणार म्हणून मीसुद्धा मागे कान देऊन बसले होते. ते काही म्हणेनात. गाडी उभी राहिली. मागून हॉर्न वाजायला लागले.

"अवो," इंदूताईचं बोट बटनावर होतं. "उघडू काय?"

केबिनच्या काचेतून मला दिसलं, दादाराव दुपट्टा डोळ्यांवर धरून बसले होते.

"थांब जराशी," ते म्हणाले. "राहू दे मिटेल. उघडले का मांगचे लोक मले पायते."

ती थांबली. मागचे हॉर्न वाजवत राहिले आणि मी क्रेटावर उभी राहून त्यांना माझ्या चक्कीवरच्या आवाजात सांगितलं, थांबा म्हणून.