दगूनानांचं अ‍ॅव्हरेज

दगूनानांमुळे माझी नोकरी टिकली, हे आधी सांगतो, बाकीचं मागून. ते नसते तर मागच्या माघातच मी उमरखेडच्या एसटीत बसलो असतो आणि घरी काय तोंड दाखवायचं याचा घोर करत पुसदपर्यंत गेलो असतो.

दगूनाना पिंपळगाव बसवंतला एका द्राक्षाच्या पॅकहाऊसवर पिकअप चालवतात, आणि अनवाणी चालवतात. चपला सीटखाली. अंगठा आणि अ‍ॅक्सिलरेटर यांच्यामध्ये त्यांना काही चालत नाही. "चामडं मधी आलं की गाडी काय म्हणती ते कळत नाय," असं त्यांचं म्हणणं. आणि गाडी एकच गोष्ट म्हणते, अ‍ॅव्हरेज. एका लिटरला किती किलोमीटर, याशिवाय नानांना गाडीबद्दल, आणि खरं म्हणजे जगाबद्दलच, दुसरं काही विचारायचं नसतं.

मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी द्राक्षाचा एक टपोरा मणी घेतला आणि खोक्याच्या चिकटपट्टीनं अ‍ॅक्सिलरेटरवर चिकटवला.

"चल नाशकात, द्वारकेला. मणी फुटला तर नापास."

मी आठवीत शाळा सोडलेली. ती याच शब्दापायी. मणी कोकणगाव यायच्या आधीच फुटला. नानांनी खाली वाकून पाहिलं आणि दुःखानं म्हणाले, "एक्स्पोर्टचा होता."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'वऱ्हाड' झालो. माझं नाव गजानन आहे हे त्यांना माहीत होतं. पण एवढं लांब नाव घ्यायला त्यांच्या मते श्वास जास्त जातो.

सुरुवातीचे दिवस शिकवायला म्हणून नाना दुपारच्या फेरीला मला शेजारी बसवायचे, आणि ती शिक्षा होती. काचा वर. फाल्गुनाचं ऊन असो, अंगाचं पाणी होवो, काच खाली करायची नाही. "वारा फुकट बसतो गाडीत. त्याला पण ओढायला डिझेल लागतं." पिकत घातलेल्या आंब्यांसारखे आम्ही दोघं आत बसलेलो असायचो. स्टेपनी आणि जॅक सोडून गाडीतलं सगळं त्यांनी काढून ठेवलेलं. सीटचं कव्हर नाही, पायाखालची मॅट नाही. डॅशबोर्डवर आधी पितळेचा गणपती होता म्हणे. तो घरी नेऊन तिथं कागदाचा लावला.

"नाना, देवाला राग नाही येत?"

"त्यो सोता उंदरावर बसतो. त्याला कळतं अ‍ॅव्हरेज."

माझ्या डब्यातली एक भाकरी ते मला गाडीत चढायच्या आधी खायला लावायचे. पोटात गेली तरी वजन तेवढंच की, असं मी एकदा भीत भीत म्हणालो. नानांनी ओझर येऊ दिलं. मग म्हणाले, "पोटातली तू सांभाळतो. डब्यातली गाडी सांभाळती."

द्वारकेच्या चौकात नानांची गाडी थांबलेली कुणी पाहिलेली नाही. पोलिसाचा हात लांबूनच बघून ते पाय काढून घ्यायचे, आणि गाडी अशी सरपटत जायची की बरोबर हात फिरताना चौकात. दुधाच्या किटल्या लावलेला सायकलवाला आमच्या पुढे जायचा आणि काळजीनं मागे वळून बघायचा. एकदा मागच्या ट्रकवाल्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, "काका, ढकलू का?"

"ढकल की," नाना म्हणाले. "तेवढंच वाचंल."

उतारावर मात्र ते इंजिन कधी बंद करायचे नाहीत. मी हुशारी म्हणून एकदा किल्लीकडे हात नेला, तर हातावर फटका बसला. "बंद गाडीला ब्रेक नीट लागत नाय. डिझेल वाचवायचंय, ड्रायव्हर घालवायचा नाय."

आता माझ्यावरची पाळी सांगतो.

एकच गाडी, एकच टाकी. सकाळची फेरी नानांची, दुपारची माझी. जाताना पेट्या, येताना रिकामे क्रेट. किलोमीटरचा काटा मी यायच्या आधीच मेलेला होता, म्हणून पॅकहाऊसच्या शेठनं जाऊन-येऊन साठ किलोमीटर असं ठरवूनच टाकलं होतं. दर शनिवारी टाकी गळ्यापर्यंत भरायची. भरताना नाना गाडी हलवायचे, आत हवा राहायला नको म्हणून. मागच्या शनिवारपासून किती डिझेल गेलं त्यावरून अ‍ॅव्हरेज निघायचं. नाना एकटे होते तेव्हा तेरा पडायचं, पंचांगात लिहिल्यासारखं. मी आलो आणि ते साडेदहावर आलं.

शेठनं मला बोलावलं. "हात दाखव."

मी हात पुढे केले. त्यांनी वास घेतला. बाहेरच्या ड्रायव्हरनं नळी लावून डिझेल काढलं आणि ढाब्यावर विकलं, हे इकडं सगळ्यांना आधी सुचतं. माझ्या हाताला घामाशिवाय कसला वास नव्हता, पण घाम पण संशयाचाच. घाम चोराला पण येतो.

"महिना देतो," शेठ म्हणाले. "तेरा नाही पडलं तर तुझा गाव तुला."

घरी आईला मी नुकतंच पत्र टाकलं होतं, की काम पक्कं आहे, धाकटीच्या शाळेची काळजी करू नका. त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी नानांनी तोंड बघितलं आणि विचारलं, "नळी लावतो का?"

"नाही हो नाना. आईशप्पथ."

"माहितीये मला. नळी लावायला पण धीर लागतो." मग गाडीकडे जात म्हणाले, "तू घाबरतो, वऱ्हाड. घाबरलेला माणूस आधी पळतो, मग करकचून ब्रेक मारतो. जेवढं जाळलं तेवढं ब्रेकमधी फेकून देतो. लांबचं बघ. पुढचा ट्रक काय करतोय ते नको बघू, त्याच्या पुढचा बघ."

दुपारी स्वतःची फेरी संपलेली असताना ते पुन्हा माझ्याबरोबर यायला लागले. माझं गियर बदलणं चुकलं की आपला गुडघा माझ्या गुडघ्यावर आपटायचे. तीन आठवड्यांत आम्ही साडेबारावर आलो. साडेबारावर गाडी अडली. मी भाकरी खोलीवरच खाऊन निघायला लागलो, तरी साडेबारा. शेवटचा आठवडा राहिला. त्याच्या पहिल्याच सकाळी नाना माझ्याजवळ आले. म्हणाले, "होईल. तू आहे तसं चालव."

शनिवारी पंपावर शेठ स्वतः उभे. टाकी भरली, गाडी हलवली, हिशेब झाला. तेरा, आणि वर एक चिमूट.

शेठनं माझ्या पाठीवर थाप मारली. मी नानांच्या पाया पडायला वाकलो तर ते बाजूला झाले. "वाकू नको. सरळ राहा, टायर बघ." मला वाटलं, मी शिकलो.

सोमवारी नानांना ताप होता, म्हणून सकाळची फेरी मला आली. त्यात आडगावातल्या एका बागेवर क्रेट टाकायचे होते. हायवे सोडून मी गावात वळलो. एका घरासमोर हातात केरसुणी घेतलेली बाई गाडीच्या पुढेच येऊन उभी राहिली. मी दचकून ब्रेक मारला.

"नाना कुठंयत?" तिनं विचारलं. "सात-आठ दिस झाले, गाडी आली नाय. बरंय ना त्यांना?"

"ही गाडी इकडं येते?"

"रोज येती. साडेआठला." ती नानांची मुलगी होती. चार वर्षांपूर्वी तिनं आपल्या मनानं लग्न केलं. तुझ्या दारात पाय ठेवणार नाही, असं नाना तेव्हा बोलून बसले, आणि बोललेलं ते पाळतात. "पाय नाय ठेवत. गाडीतून जातात. पुढंच बघतात, हां. पण पहिल्या गियरमधी असतात. बैलगाडी बरी."

तिच्या मागून एक लहान पोरगी भिंतीला धरून आली, मग भिंत सोडून दोन पावलं टाकून माझ्या गाडीच्या चाकाला चिकटली.

"परवापासनं चालती," बाई म्हणाली. "त्यांना दाखवायचं होतं."

मला पुढचा रस्ता दिसेना. साठ किलोमीटरच्या बाहेरचं हे वळण शेठच्या हिशेबात नव्हतं. अनवाणी पाय, बंद काचा, कागदाचा गणपती, सगळं वाचवून वाचवून नाना ते या गल्लीत खर्च करत होते. मी आलो, तेराला अर्धा कमी पडला, आणि त्यांनी गल्ली सोडली.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. घोंगडी पांघरून बसले होते.

"नाना, उद्यापासून तुम्ही आडगावातून जा. माझं मी बघतो."

"तिथं खड्डे लय हायेत," ते म्हणाले. घोंगडी वर ओढली. मग भिंतीकडे बघत, "बारकी होती का बाहेर?"

"होती. चालत आली चाकापर्यंत."

"चालती होय," नाना म्हणाले. "कोणता पाय आधी टाकला?"

मी ते बघितलं नव्हतं. उजवा, असं सांगितलं.

आता मी एकटा चौदाच्या जवळ देतो, आणि नाना परत साडेआठला आडगावात असतात. पण ते सात-आठ दिवस गेले ते गेलेच. ते मला डिझेलमध्ये भरून देता येत नाहीत. म्हणून इथं लिहून ठेवतो. मी स्वतःची गाडी घेईन, जुनी का होईना. पहिल्या दिवशी नानांना शेजारी बसवीन, आडगावात नेईन, त्या दारासमोर थांबेन आणि त्यांना हात धरून खाली उतरवीन. ते शिव्या देतील, शब्दाची आठवण करून देतील. शब्द त्यांनी दिलेला आहे. चालवणारा मी असेन.