जवळीक बसवण्यापुरती जागा

स्कारसुंड नगरपालिकेच्या लिंडेबो वृद्धनिवासात एका रविवारी चार कुटुंबं एकाच वेळी भेटीला आली आणि कॉफी कमी पडली. नगरपालिकेने या घटनेची गंभीर दखल घेऊन चौकशी समिती नेमली. सात महिन्यांच्या अभ्यासाअंती समितीने निष्कर्ष काढला, की नातेवाईक मनाला येईल तेव्हा येतात. आणखी एक किटली घ्यावी, अशी सूचना स्वयंपाकघरातून आली होती. ती विषयाला धरून नसल्यामुळे नोंदवली गेली नाही. एक मार्चपासून लिंडेबोतल्या कोणालाही भेटायचं असेल, तर ‘जवळीक’ नावाच्या अॅपवरून वेळ घेणं सक्तीचं झालं.

मी प्रेबेन राव्हनकिल्ड, नगरपालिकेचा डिजिटल सेतू-अधिकारी. ज्यांना अॅप जमत नाही त्यांना अॅपपर्यंत पोचवणं, हे माझं काम. सार्वजनिक ग्रंथालयात पूर्वी जिथे शब्दकोश असत, तिथे माझं टेबल आहे.

दोन मार्चला सकाळी अस्मुस क्रोग्सगोर माझ्यासमोर येऊन बसले. वय चौऱ्याहत्तर. अडतीस वर्षं त्यांनी फेरीबोटींची इंजिनं दुरुस्त केली. सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून पॅन्टला लावलेला चिमटा तसाच होता. त्यांनी मेलेला मासा ठेवावा तसा फोन टेबलावर ठेवला.

“हा म्हणतो, जागा नाही,” ते म्हणाले. “काल लिंडेबोच्या दारातून परत पाठवलं मला. चार वर्षं रोज दुपारी दोनला जातोय. दारावरची बाई म्हणाली, अस्मुस, मी सोडलं असतं रे, पण दार आता माझं ऐकत नाही, अॅपचं ऐकतं.”

“कोणाला भेटायचंय?”

“बायकोला. एलिनोर. आठवण गेलीय तिची.”

“भेटीचा उद्देश? फॉर्मवर रकाना आहे.”

“राय धान्याच्या पावावर हेरिंग मासा घालून नेतो. आणि हे दाखवतो.” त्यांनी फोनवर एक चित्रफीत लावली. एक जाडसर बाई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. फोन धरणाऱ्याकडे न बघताच ती म्हणाली, “माझं शूटिंग कसलं करतोयस, आळशा? ये, चाकू घे, सोल!” आणि मग खांदे हलवत हसत सुटली.

“अशा किती आहेत?”

“एकशे ब्याण्णव. मी तिला ओळखू येत नाही आता. पण ही बाई तिला फार आवडते. म्हणते, काय गमतीची बाई आहे हो! आणि हा मागून बोलतोय तो कोण? मी म्हणतो, मी. मग ती माझ्याकडे नीट बघते. आणि पाव खाते.”

मी ‘भेटीचा उद्देश : आहार’ असं लिहिलं आणि कामाला लागलो.

फोन जुना होता, पण चालू स्थितीत. एकूण जागा सोळा जीबी. ‘जवळीक’ला हवी होती जवळजवळ दोन जीबी, कारण वेळ कशी घ्यावी हे महापौर स्वतः नऊ मिनिटांच्या चित्रपटात समजावून सांगतात, आणि तो चित्रपट अॅपच्या पोटातच असतो. अस्मुसच्या फोनमध्ये विजेरी, हवामान, फेरीबोटीचं वेळापत्रक, सरकारी ओळखपत्राचं अॅप, एकशे ब्याण्णव चित्रफिती आणि एक गोल्फचा खेळ एवढाच ऐवज होता.

“गोल्फ काढून टाक,” अस्मुस म्हणाले.

“तो काढता येत नाही. फोनबरोबरच येतो.”

“पण मी गोल्फ खेळत नाही!”

“निष्क्रिय करता येतो. म्हणजे तो आत राहतो, जागा खातो, फक्त दिसत नाही.”

“आपल्या उपमहापौरासारखा,” अस्मुस म्हणाले.

मी तात्पुरत्या साठवणीचा कचरा काढला. चारशे एमबी मोकळे झाले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे समाधानाने पाहिलं. तेवढ्यात मोकळी जागा सापडल्याचं पाहून हवामानाच्या अॅपने स्वतःला अद्ययावत करून घेतलं आणि ती खाऊन टाकली. आता त्यात पराग किती उडतात तेही कळत होतं. जागा साफ करणारं एक अॅप फुकट मिळतं. ते उतरवायला जागा नव्हती.

चित्रफिती दुसरीकडे हलवणं हा सरळ मार्ग होता. माझ्या संगणकाला केबल जोडायच्या खाचा सुरक्षा धोरणानुसार डिंकाने बुजवलेल्या आहेत. अस्मुसच्या घरी संगणक होता, इंटरनेटवर साठवणीचं खातंही होतं.

“मग झालं की! दोन्हींचा पासवर्ड काय?”

“तो एलिनोरला माहीत आहे,” ते म्हणाले.

नवा फोन घ्यावा, तर ओळखपत्र जुन्या फोनशी बांधलेलं. ते नव्यावर न्यायला जुन्या फोनवरूनच मंजुरी द्यावी लागते, आणि मंजुरी देण्याआधी ओळखपत्राचं अॅप अद्ययावत करावं लागतं. त्यासाठी जागा लागते.

त्या आठवड्यात अस्मुस रोज दोन वाजता लिंडेबोच्या बागेत, एलिनोरच्या खिडकीबाहेर उभे राहिले. काचेला फोन लावून चित्रफीत दाखवत. आवाज आत जात नसे. तरी ती हात हलवायची. चौथ्या दिवशी बाग हाही वास्तूचाच भाग असल्याचं पत्र त्यांना फोनवर आलं. ते उघडायला जागा नव्हती, म्हणून मी सायकलने जाऊन तोंडी कळवलं.

“एक मार्ग आहे,” मी म्हणालो. “अॅपपासून सूट मिळते. कागदी अर्ज आहे. पाच कारणं मान्य आहेत. अंधत्व, हात नसणं, परदेशी वास्तव्य, कारावास आणि स्मृतिक्षीणता.”

अस्मुस बराच वेळ यादी न्याहाळत राहिले. “कारावासाला किती दिवस लागतात?”

आम्ही स्मृतिक्षीणता निवडली. चाचणी घेण्याचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण मी घेतलेलं आहे. पहिल्या चाचणीत अस्मुसना तीसपैकी तीस गुण मिळाले. शिवाय छापील चित्रातल्या घड्याळाचा मोठा काटा चुकीचा असल्याचं त्यांनी दाखवून दिलं. ‘अर्जदाराची स्मृती आवश्यकतेपेक्षा जास्त आहे’ असा शेरा मारून मी अर्ज फेटाळला. दोन आठवड्यांनी पुन्हा बसता येतं.

दोन आठवड्यांनी ते आले तेव्हा त्यांची पॅन्ट सैल झाली होती.

“आज वार कोणता?”

“मंगळवार.”

मी खोकलो.

“नाही?” त्यांनी विचारलं.

“अर्जदाराला मदत करण्याची मला परवानगी नाही,” मी म्हणालो आणि पुन्हा खोकलो.

“असं होय. मग रविवार.”

“साल?”

ते खिडकीतून बंदराकडे पाहू लागले. “एकोणीसशे चौऱ्याहत्तर.”

“महिना?”

“जून. फेरीबोट मध्येच बंद पडली होती. मी खाली इंजिनात, आणि ही वरून जाळीतून ओरडतेय, ए तेल्या, माझी गाडी चुकली तर तुझ्या घरी राहायला येईन! गाडी चुकली.” ते माझ्याकडे वळले. “मी जरा हळूच केलं काम.”

तिन्ही उत्तरं चुकीची असल्यामुळे मी शून्य गुण दिले. एकूण अकरा आले. स्मृतिक्षीणतेचा दाखला त्याच दिवशी मिळाला आणि त्यांचा बोट चालवण्याचा परवाना त्याच मिनिटाला आपोआप रद्द झाला.

दाखला घेऊन मी विभागप्रमुख मेरेते व्हिल्सोमकडे गेलो. “यांना अॅपपासून सूट मिळाली आहे. आता हा कागद दाखवून आत सोडायचं ना?”

“सूट त्यांना मिळाली आहे, प्रेबेन,” मेरेते शांतपणे म्हणाली. “दाराला नाही.”

“मग?”

“ज्याची स्मृती क्षीण आहे त्याचं अॅप त्याचा पालक चालवतो. कलम नऊ वाच. पालक नगरपालिका नेमते. तूच हो. तुला केस माहीत आहे. आणि महिनाअखेर आहे, ही एकच केस लाल दिसतेय. हिरवी कर.”

अशा रीतीने अस्मुसचा फोन कायदेशीररीत्या माझ्या ताब्यात आला. मी तो टेबलावर ठेवून ‘जागा मोकळी करा’ हे बटण दाबलं. फोनने स्वतःहून तपासणी केली आणि नम्रपणे सुचवलं, की दिसायला सारख्या अशा एकशे ब्याण्णव मोठ्या फायली आहेत. एकच बाई, एकच स्वयंपाकघर, एकच प्रकाश. त्या काढल्यास तुम्ही साडेआठ जीबी वाचवाल. खाली दोन बटणं होती. एकावर ‘काढा’ आणि दुसऱ्यावर ‘नंतर आठवण करून द्या’. ‘नंतर’ला महिनाअखेर आड येत होती.

खरं सांगायचं तर मी सात-आठ चित्रफिती पाहिल्या. एकीत ती कपडे वाळत घालत गात होती, बेसूर. मग मी नियमाप्रमाणे केलं. फोन म्हणाला, ‘छान! आता तुमच्याकडे भरपूर जागा आहे.’ सोबत रंगीत कागदाचे कपटे उडतानाचं चित्र आलं. ‘जवळीक’ पहिल्याच प्रयत्नात बसलं. मेरेतेच्या भिंतीवरच्या पडद्यावर केस हिरवी झाली.

पालकाने व्यवस्थापनाची माहिती पाल्याला द्यायची असते. मी अस्मुसच्या घरी गेलो. त्यांनी कॉफी ठेवली.

“सगळ्या?” त्यांनी विचारलं.

“सगळ्या.”

“बटाट्याचीसुद्धा?”

“बटाट्याच्या तर सहा होत्या हो. सगळ्या सारख्याच.”

“सारख्या नव्हत्या,” अस्मुस म्हणाले. “एकीत तिने मला शिवी दिली होती, दुसरीत मी तिला. एकीत बटाटे नव्हतेच, गाजरं होती.” मग त्यांनी माझ्या कपात दूध ओतलं. मी दूध घेत नाही. मी ती कॉफी तशीच प्यायलो.

“उद्याची वेळ मिळाली आहे,” मी म्हणालो. “चौदा दहा ते चौदा चाळीस.”

फोन पालकाच्या हातात असल्याशिवाय दार उघडत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मीही बरोबर होतो. दार लगेच उघडलं. एलिनोर खिडकीशी बसली होती. चित्रफितीतल्या बाईच्या मानाने फारच लहान.

“हे कोण?” तिने अस्मुसकडे पाहत विचारलं.

“माहीत नाही बाई,” अस्मुस म्हणाले. “माझ्याकडे तसा दाखला आहे.”

ती हसली. खांदे तसेच हलले. “मग बसा. इथे सगळे तसलेच आहेत.”

अस्मुसनी पावाचा कागद सोडला, हेरिंगचा तुकडा नीट मध्यभागी सरकवला आणि तिच्या हातात दिला. तिने तो घेतला, पण खाल्ला नाही. ती त्यांच्या खिशाकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

“ती गमतीची बाई नाही आणली आज?”

“नाही,” अस्मुस म्हणाले. “तिला जागा मिळाली नाही.”

“अरेरे,” एलिनोर म्हणाली आणि पाव ताटलीत ठेवून दिला.

चौदा चाळीसला फोन वाजला. भेट कशी वाटली, असं ‘जवळीक’ विचारत होतं, आणि उत्तर दिल्याशिवाय पुढची वेळ मिळत नाही. मी पाल्याच्या वतीने पाच तारे दिले.

त्या वर्षी ‘जवळीक’ला नागरी सेवेतल्या नावीन्याचा पुरस्कार मिळाला. भेटींची संख्या निम्म्यावर आली होती आणि कॉफी एकदाही कमी पडली नव्हती. समारंभात राजधानीहून आलेल्या एका पाहुण्याने मेरेतेला विचारलं, एवढा मोठा बदल, लोकांनी विरोध नाही केला?

मेरेतेने नोंदवही उघडून दाखवली. ‘जवळीक’ लागू करण्याआधी सहा आठवडे हरकती मागवल्या होत्या. शहरातल्या प्रत्येक प्रौढाच्या फोनवर तशी सूचना गेली होती. नऊ हजार चारशे सूचना, पोचल्याच्या खुणेसकट. आलेल्या हरकती शून्य. सबब, निर्णय एकमताने झाला.

मी घरी आल्यावर माझ्या फोनचा इतिहास तपासला. सूचना मलाही आली होती. बुधवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी, मी बसथांब्यावर असताना. ‘तुमचं मत महत्त्वाचं आहे’ एवढेच शब्द दिसत होते. तीन सेकंदांनी मी ती अंगठ्याने बाजूला सारली होती.

वाचक म्हणतील, आमच्या गावात असं झालं नसतं, आम्ही विरोध केला असता. मला ते अगदी मान्य आहे. तुम्ही केलाच असता. फक्त एवढंच सांगा, आज सकाळपासून तुम्ही अंगठ्याने अशा किती सूचना बाजूला सारल्यात, आणि त्यातल्या एकीत तरी काय लिहिलं होतं?