बॉल रेषेवर पडला आणि रेषा पळाली

एका जंगलात वाघ एकच होता, पण कॉलेजं दोन होती. एक ओढ्याकाठी, एक टेकडीवर. तिथं काय शिकवतात हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. पण बाळांनो, दोन्हीकडे फुटबॉलची टीम होती, आणि टीम असली की बाकीचं कुणी विचारत नाही.

ओढाकाठ कॉलेजच्या टीममध्ये सर्जा नावाचा एक भेकर होता. भेकर म्हणजे हरणाचाच भाऊबंद, अंगानं लहान आणि पायानं चपळ. त्याला एक धाकटा भाऊ होता, धाकलू. धाकलूनं दुसरीत असताना शाळेच्या कुंपणावरून उडी मारली, तो पुन्हा आत गेलाच नाही. कॉलेजचं दार तर त्यानं बाहेरूनसुद्धा धड पाहिलं नव्हतं. त्यामुळे तो त्या कॉलेजचा सगळ्यात कट्टर समर्थक होता.

भेकर मुळातच भुंकल्यासारखा ओरडतो. धाकलू मॅचच्या दिवशी गळ्यात हिरवा वेल गुंडाळायचा आणि असा ओरडायचा, की पलीकडच्या माळावरच्या टिटव्या अंडी टाकून उडायच्या.

"धाकल्या, जरा हळू रे," सर्जा म्हणायचा. "मला माझ्याच पायांचा आवाज येत नाही."

"तू खेळ दादा. ओरडायचं काम माझं."

त्या वर्षी वाघोबा ढालीची फायनल या दोन कॉलेजांत होती. सामना बरोबरीत सुटला तर ढाल गेल्या वर्षीच्या विजेत्याकडे, म्हणजे टेकडीकडे राहणार होती. ओढाकाठला एक गोल हवा होता. एकच.

मैदान ओढ्याच्या काठावर होतं. रेषा आखायची फक्की ऐन वेळी संपली. क्रीडा समितीनं बैठक घेतली, चहा घेतला, आणि वाळवीला बोलावलं. वाळवी पांढरी असते. चार हजार वाळव्या या खांबापासून त्या खांबापर्यंत रांगेत उभ्या राहिल्या. झाली गोलरेषा.

पंच होता एकाक्ष नावाचा म्हातारा कावळा. कावळ्याला बुबुळ एकच असतं आणि तो ते या डोळ्यातून त्या डोळ्यात फिरवतो, असं त्या जंगलात सगळे मानायचे. सामना सुरू होईपर्यंत त्याबद्दल कुणाचीही तक्रार नव्हती.

शेवटचं मिनिट आलं. सर्जानं तिघांना चकवलं आणि खुरानं बॉल असा हाणला, की टेकडीच्या गोलात उभं असलेलं अस्वल खालीच बसलं. बॉल वरच्या दांडीला लागला. तिथून सरळ खाली आला आणि धप्पकन रेषेवर पडला.

आणि रेषा पळाली.

चार हजार वाळव्या वाट फुटेल तिकडे गेल्या. बॉल जागेवर होता, रेषा नव्हती.

एकाक्ष दांडीवरच बसला होता. त्यानं मान वाकडी केली, खाली पाहिलं आणि पंख पसरले. "गोल नाही. बॉल रेषेवर होता."

"कुठाय रेषा?" सगळ्यात आधी ओरडला तो धाकलू.

मग सगळेच ओरडले.

"गोल होता!" ओढाकाठ समर्थक मंडळाचा अध्यक्ष रानडुक्कर म्हणाला. तो मॅचभर मैदानाकडे पाठ करून घोषणा देत होता.

"नव्हता!" टेकडी समर्थक मंडळाचा अध्यक्ष वानर म्हणाला. तो मॅचभर स्वतःचा फोटो काढत होता.

"वाळवीला विचारा!"

एका वाळवीला धरून आणलं. ती म्हणाली, "साहेब, आम्हाला जन्मापासून दिसत नाही. वरून काहीतरी पडलं, आम्ही पळालो."

"बघा! काहीतरी पडलं म्हणते! म्हणजे गोल!"

या गडबडीत कुणीतरी रागानं बॉलला लाथ मारली. बॉल ओढ्यात गेला. वरच्या अंगाला पाऊस झाला होता, ओढा फुगला होता.

बाळांनो, त्या मैदानात एक जण असा होता की ज्याला कुणी काहीच विचारलं नाही. तो म्हणजे ज्यानं बॉल मारला तो सर्जा. तो धापा टाकत आला आणि धाकलूच्या पाठीवर त्यानं नाक टेकवलं.

"धाकल्या, गोल नव्हता रे. मी समोरच होतो. बॉल रेषेवरच पडला."

धाकलू मागे न बघताच ओरडला, "तू गप बस दादा! तुला काय कळतंय?"

सर्जा हसला. "बरं बाबा. मी बॉल तरी घेऊन येतो. कॉलेजकडे तेवढा एकच आहे."

त्या वेळी काठावर दोनशे जनावरं होती. दोनशेच्या दोनशे जनावरांची पाठ पाण्याकडे होती. सगळ्यात मोठा आवाज धाकलूचा होता.

बॉल संध्याकाळी खालच्या वळणावर सापडला. सर्जा दुसऱ्या दिवशी सकाळी.

जंगल हळहळलं. कुणी हळहळलं नाही असं म्हणता येणार नाही. रानडुक्कर भेटायला आला आणि सर्जाच्या आईपुढे मान खाली घालून बसला.

"काकू, फार वाईट झालं. पण गोल होता."

तो गेल्यावर वानर आला. त्याचे डोळे खरंच ओले होते.

"काकू, धीर धरा. गोल नव्हता, पण पोरगं गुणी होतं."

वानरानं मोबाइलवर अकरा बाजूंनी घेतलेली चित्रफीत दाखवली. त्यातल्या नऊ बाजूंनी वानरच दिसत होता. घुबडसर तिथंच वळचणीला बसले होते. ते जंगलातले फुटबॉलचे जाणकार. त्यांना मत विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मॅच दिवसा झाली. मी तेव्हा झोपलो होतो. त्यामुळे या विषयावर तटस्थपणे बोलू शकेल असा मी एकटाच आहे." आणि ते दोन तास बोलले.

आई कोपऱ्यात सर्जाचा टीमचा हिरवा पट्टा मांडीवर घेऊन बसली होती. तिला गोलरेषा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. धाकलू तिच्याशेजारी बसून होता. त्यानं सर्जाचं ते शेवटचं बोलणं कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःचं तर नव्हतंच नव्हतं. त्या दिवसापासून त्याच्या तोंडून आवाजच निघाला नव्हता. टिटव्यांची अंडी त्या हंगामात नीट उबली.

चौकातल्या वडाला फलक लागला. फलकावर रानडुकराचा फोटो बैलगाडीच्या चाकाएवढा होता आणि सर्जाचा बोराएवढा. खाली लिहिलं होतं, 'गोलवीर सर्जा यांना भावपूर्ण श्रद्धांजली. गोल होता, आहे आणि राहील.'

आता अडचण सांगतो. माणूस काय, जनावर काय, गेलं की दहाव्या दिवशी भाताचा पिंड मांडतात. कावळा येऊन त्याला शिवला, की गेलेला जीव समाधानानं गेला असं समजायचं. नाही शिवला, तर त्याची काही इच्छा मागे राहिली. मग घरचे पिंडासमोर एकेक वचन देतात, अमुक करीन, तमुक करीन. पटलं की कावळा येतो.

पण त्या जंगलात कावळे संपावर होते. पंचाच्या घरट्यावर दगडफेक झाली म्हणून त्यांच्या संघटनेनं ठराव केला होता, की जंगल एकाक्षची माफी मागेपर्यंत कुणीही कुठल्याही पिंडाला चोच लावायची नाही.

दहाव्या दिवशी ओढ्याच्या काठावर, जिथून सर्जा पाण्यात उतरला तिथंच, लांब पायांच्या ढोकभटजींनी पिंड मांडला. घरचे दोघंच होते, आई आणि धाकलू. बघायला मात्र दोनशे जण आले होते. डावीकडे ओढाकाठचे, उजवीकडे टेकडीचे. मध्ये पिंड.

समोरच्या उंबरावर एकच कावळा येऊन बसला. म्हातारा, एका पंखाचं पीस मोडलेलं. संघटनेला न विचारता आला होता.

"एकाक्ष आलाय!" गर्दी कुजबुजली.

आई पुढे झाली. "सर्जा, मी दोन वेळा जेवीन रे. नीट जेवीन."

कावळा हलला नाही.

ढोकभटजी म्हणाले, "धाकलू, तू बोल."

धाकलूनं दहा दिवसांनी तोंड उघडलं. "दादा, मी शाळेत जाईन."

कावळ्यानं मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सरळ केली. त्याला ते खरं वाटलं नसावं.

"अरे, त्याची इच्छा सगळ्या जंगलाला माहीत आहे!" रानडुक्कर गरजला. "गोल! पंचानं गोल मान्य करावा. शिवला, म्हणजे चूक कबूल!"

"म्हणूनच शिवायचं नाही!" वानर किंचाळला. "सर, शिवू नका! अख्खी टेकडी तुमच्या पाठीशी आहे!"

"शिवा!"

"शिवू नका!"

ढोकभटजी घाबरले. त्यांना पुढं आणखी एक तेरावं होतं. ते म्हणाले, "मंडळी, शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करू आणि तो शिववू."

"चालणार नाही!" दोन्ही बाजू एकदम ओरडल्या. दहा दिवसांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं. "दर्भाचा कावळा अधिकृत पंच नाही!"

ऊन वर आलं. पिंडावरचा भात सुकायला लागला. आईनं पदर डोळ्यांना लावला. "काय राहिलं रे तुझं, पोरा?" ती पुटपुटली. "मला तरी सांग."

ते धाकलूनं ऐकलं आणि त्याच्या डोक्यात सणक गेली. विचार करणं त्याला कधी जमलंच नव्हतं. तो उठला, धावत चौकात गेला आणि वडाचा तो फलक शिंगावर घेऊन टराटरा फाडला. चाकाएवढा रानडुक्कर मधोमध चिरला. बोराएवढा सर्जा तेवढा त्यानं तोंडात धरून आणला आणि पिंडाशेजारी ठेवला.

"अरे अरे, वर्गणीचा आहे तो!" रानडुक्कर ओरडला.

धाकलू पिंडासमोर बसला.

"दादा," तो म्हणाला, "गोल नव्हता."

डावी बाजू गार पडली.

"तू मला सांगितलंस. बॉल रेषेवरच पडला म्हणालास. तू समोर होतास. आणि मी तुला म्हटलं, तू गप बस, तुला काय कळतंय." त्याचा आवाज फुटला, पण तो थांबला नाही. "तुला सगळं कळत होतं. मलाच काही कळत नव्हतं. मी इकडं तोंड करून ओरडत होतो, आणि तू मागं पाण्यात होतास. मी मागं बघायला पाहिजे होतं, दादा. एकदा तरी बघायला पाहिजे होतं."

ओढ्याचा आवाज पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू आला.

एकाक्ष उंबरावरून उतरला. दोन उड्या मारत पिंडापाशी आला. त्यानं मान वाकडी करून धाकलूकडे पाहिलं, मग भाताकडे. मग त्यानं चोच टेकवली आणि उडाला. चोचीला एक शीत चिकटलं होतं. धाकलूनं ते पाहिलं. इतक्या जवळून दुसऱ्या कुणी पाहिलं नाही.

उंबराचं एक पान गळून खाली पडेपर्यंत शांतता टिकली.

"शिवला!" वानरानं उडी मारली. "म्हणजे सर्जालाच गोल मान्य नव्हता! आम्ही जिंकलो!"

"शिवला नाही!" घटकेपूर्वी शिवा शिवा म्हणणारा रानडुक्कर म्हणाला. "चोच आणि भात यांच्यात बोटभर फट होती. मी बघितली!"

"तुझी पाठ होती इकडं!"

"एका डोळ्याच्या कावळ्याला भात दिसतो का?"

"हे पोरगं टेकडीनं फोडलंय! हा सर्जाचा भाऊच नव्हे!"

गर्दीत पेंगणारे घुबडसर जागे झाले. "पुन्हा एकदा दाखवा," ते म्हणाले. "सावकाश दाखवा."

वानरानं मोबाइल काढला. या वेळी अकरापैकी दहा बाजूंनी वानरच होता. अकराव्या बाजूला ढोकभटजींचा पाय आडवा आला होता. दोनशे जनावरं त्या पायाभोवती गोळा झाली.

धाकलूनं सगळं ऐकलं. अख्ख्या जंगलात त्याच्याएवढा आवाज कुणाचा नव्हता. त्याचा गळा शिवशिवला. तोंड उघडलंसुद्धा. मग त्यानं ते मिटलं. गर्दीकडे पाठ केली आणि तोंड पाण्याकडे करून तो आईशेजारी बसला.

आईला लांबचं नीट दिसत नसे. तिनं विचारलं, "शिवला का रे?"

"शिवला, आई," धाकलू म्हणाला.

आणि हे त्यानं इतक्या हळू सांगितलं, की सर्जाला ते फार आवडलं असतं.

*

तात्पर्य : बाळांनो, जो खेळतो त्याला खेळातलं काही कळत नसतं. ते कळायला काठावर उभं राहावं लागतं. उभं राहताना पाठ पाण्याकडेच असू द्यावी, म्हणजे आवाज चांगला फुटतो. आणि मध्येच कुणी पाठीवर नाक टेकवून काही सांगायला आलं, तर मागे वळून बघू नये. निकाल महत्त्वाचा. नाक काय, उद्याही असेलच.